तुमचा काटा चुकतोय

माझ्यामुळे एका परक्या देशात एका सज्जन मासेवाल्याचं दुकान अडीच तास बंद पडलं. मी मासे खात नाही. त्या दिवशी मी मासे घ्यायला गेलोही नव्हतो. मी कांदे आणायला गेलो होतो, दोन किलो, तेही हिच्या सांगण्यावरून. एवढं आधीच स्पष्ट करतो, कारण आमच्या सोसायटीत या प्रकरणाच्या चार आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या एकीत मला अटक झालेली आहे.

लेकीकडे जाऊन आम्हाला बारा दिवस झाले होते. लेक आणि जावई सकाळी आठला कामावर जायचे, ते संध्याकाळी उगवायचे. घरात आम्ही दोघं आणि एक भांडी धुणारं यंत्र. हिचं त्या यंत्राशी पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं. ते भांडी धुऊन झालं की ही ती बाहेर काढायची आणि पुन्हा घासायची. तर सांगत काय होतो, कांदे. लेक सुपरमार्केटमधून कांदे आणायची ते तीन. जाळीच्या पिशवीत, एकाच उंचीचे, गळ्यात चिठ्ठी बांधलेले.

हिने ते ओट्यावर ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिली.

"अहो, हे फोडणीत घालायचे की शोकेसमध्ये ठेवायचे?"

लेक म्हणाली, "आई, पुलापलीकडे मोठा बाजार आहे. तिथे हवे तेवढे मिळतील. शनिवारी आपण सगळे मिळून जाऊ."

"कांदे आणायला मिरवणूक कशाला?" मी म्हणालो. "उद्या मी आणतो."

लेकीने आणि जावईबापूंनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. मी रजा संपवून हजर झालो की ऑफिसातली माणसं एकमेकांकडे असंच पाहायची.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, तेहेतीस वर्षं. दीड वर्षापूर्वी निवृत्त झालो. या तेहेतीस वर्षांत मी इतके बाजार पालथे घातले आहेत, की माणसाला बाजारात जायला सोबत लागते ही कल्पनाच मला अपमानकारक वाटते. रागारागाने मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'उद्या येथील स्थानिक बाजारास भेट देत आहे.' पाच मिनिटांत सल्ल्यांचा पाऊस. सेक्रेटरींनी लिहिलं, 'पासपोर्ट बनियनच्या आत ठेवा.' दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, 'कुठल्याही कागदावर सही करू नका.' आठ दिवस परदेशात राहून आलेले आणि त्यावर आठ वर्षं बोलत असलेले तळमजल्यावरचे काका म्हणाले, 'तिथे भाजीला हात लावला तर विकत घ्यावी लागते.' त्यावर गच्चीच्या चाव्या कोणाकडे आहेत, असं कुणीतरी विचारलं आणि चर्चा तिकडे वळली.

लेकीच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या. त्यांना थोडं इंग्रजी यायचं, म्हणजे बसमध्ये लागेल तेवढं. जिन्यात भेटल्या तेव्हा मी त्यांना बाजाराचं विचारलं. त्या म्हणाल्या, "मागच्या दाराने उतरा. गर्दी करू नका. पुढे सरका." हा सल्ला त्या दिवसात मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडला.

सकाळी दहाला आम्ही निघालो. मी एकटा जाणार होतो, पण ही म्हणाली, "तुम्हाला कांदे कळत नाहीत, फक्त त्यांचं वजन कळतं," आणि पिशवी घेऊन पुढे चालू लागली.

बाजार म्हणजे पत्र्याचं उंच छप्पर असलेली लांबलचक शेड. एका टोकाला मासे, मधे भाज्या, पलीकडे किराणा, आणि छपराला जागोजाग टांगलेले कर्णे. आत शिरताच पहिला लागला तो मासेवाला. उंचापुरा, पांढरा स्वच्छ एप्रन, भरघोस मिशा. त्याने बर्फावर मासे असे रचले होते, की पंगतीला बसवले आहेत असं वाटावं. मी थबकलो ते माशांसाठी नव्हे, त्याच्या तराजूसाठी. शिक्का ताजा, पट्टी सरळ, तबक लखलखीत. असा तराजू दिसला की माझं मन भरून येतं. मासेवाल्याला वाटलं, गिऱ्हाईक मोहात पडलं. त्याने तळलेल्या माशाचा एक तुकडा काडीला टोचून माझ्या हातात दिला.

आता परक्या माणसाने प्रेमाने दिलेला तुकडा त्याच्या तोंडावर परत कसा करणार? मी मान लववून आभार मानले, चार पावलं पुढे गेलो आणि फळीखाली बसलेल्या मांजराला तो अर्पण केला. काडी मात्र हातात राहिली, कारण कचऱ्याचा डबा दिसेना आणि खाली टाकणं मला जमेना. माझ्या नागरिकपणामुळे पुढचा सगळा घोटाळा झाला, हे नमूद करून ठेवतो.

कांदेवाल्या बाई माझ्याच वयाच्या, गोल चेहऱ्याच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांच्यासमोर कांद्यांचा डोंगर. हिचा चेहरा बारा दिवसांत पहिल्यांदा खुलला. लेकीने माझ्या फोनमध्ये भाषांतर करणारी सोय घालून दिली होती. आपण मराठीत बोलायचं, की आतली बाई त्यांच्या भाषेत बोलते. मी फोन पुढे धरला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "भाव काय?"

फोनमधली बाई काहीतरी बोलली. कांदेवाल्या बाई चकित झाल्या. मग त्यांनी हात छातीशी नेला आणि अगदी मऊ आवाजात बरंच काही सांगितलं. फोनने ते मराठीत आणलं, "आज ठीक आहे. काल मन उदास होतं. गुडघे फार दुखतात. विचारल्याबद्दल आभार."

मी फोनकडे बघतच राहिलो. ही मात्र लगेच पुढे सरसावली. "अगं बाई, माझेही!" म्हणून तिने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. मग त्यांनी थाप मारली. दोघींनी जिने चढण्याचा, मांडी घालण्याचा आणि पहाटेच्या गारठ्याचा विषय नुसत्या हातवाऱ्यांनी संपवला. मग बाईंनी हिला बसायला स्टूल दिलं. मला उभंच ठेवलं.

ही कांदे निवडू लागली. बाईंनी ते तबकडीच्या लटकत्या काट्यात घातले. सुई दोनवर आली. मी पिशवी हातात घेतली आणि जागच्या जागी थांबलो.

माझा हात खोटं बोलत नाही. खात्यात पैजा लागायच्या त्यावर. पिशवी हातात येताच हात म्हणाला, गडबड आहे. ऐंशी ग्रॅमची.

"अगं, काटा चुकतोय."

"चुकू दे," ही म्हणाली. "चला."

"चुकू दे काय? हा सबंध बाजाराचा प्रश्न आहे."

"अहो, इथे तुमचं खातं नाही. बाईंचे गुडघे दुखताहेत."

गुडघे आणि वजनमापे यांचा संबंध कायद्यात कुठेही नाही. मी सौजन्याने, पण ठाम स्वरात फोनला सांगितलं, "बाई, तुमचा काटा चुकतोय. हा काटा बघा. काटा!" आणि काट्याकडे बोट दाखवलं. काटा नेमका माझ्या गळ्याच्या उंचीवर लटकत होता. बोट माझं, गळा माझा, आणि काडीही माझ्याच हातात.

फोनमधल्या बाईने 'काटा' या शब्दाचा काय अर्थ लावला, हे आम्हाला दोन तासांनी कळलं. तिने सांगितलं होतं, "बाई, चूक झाली. माशाचा काटा. बघा, माशाचा काटा!"

कांदेवाल्या बाई गुडघेदुखी विसरून उठल्या. एवढ्या चपळ बाईने आजारपणाची तक्रार करावी याचं मला नवल वाटतंय, तोच त्यांनी माझ्या पाठीत एक दणका घातला. मी "अहो, अहो" म्हणालो. दुसरा दणका. बटाटेवाला धावत आला. त्याचा हात तर बाईंपेक्षाही जड, माझ्या अंदाजाने पावणेचार किलो. कुणीतरी माझ्या तोंडात कोरड्या पावाचा मोठा तुकडा कोंबला. मी तो बाहेर काढायला गेलो, तर चार जणांनी माझे हात धरले आणि गिळ, गिळ अशा खुणा केल्या. पावामुळे मला खराखुरा ठसका लागला. माझे डोळे पांढरे झालेले पाहून जमावाची खात्रीच पटली.

"हिला विचारा! हिला विचारा!" असं मी पावातून ओरडत होतो. ही ओरडत होती, "अहो मारू नका! त्यांना काही झालेलं नाही! ते असेच आहेत!"

दोघांनी मला उचलून शेडच्या टोकाला असलेल्या प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. तिथल्या नर्सबाईंनी माझा जबडा उघडला, आत बॅटरी मारली आणि एका चिमट्याने जीभ दाबून धरली. शेजारी एक चष्मेवाला गृहस्थ फॉर्म घेऊन उभा. तो बाजाराचा व्यवस्थापक. तो प्रश्न विचारायचा, मी "आँ" म्हणायचो, तो लिहून घ्यायचा. त्याने माझ्या हातातली काडी काढून घेतली, पिशवीत घातली, वर नंबर टाकला. पद्धत अगदी बरोबर होती. मी स्वतः असाच मुद्देमाल जप्त करायचो. त्याही अवस्थेत मला त्याचं कौतुक वाटलं.

मग त्याने फॉर्म आणि पेन पुढे केलं. तेहेतीस वर्षांत मी वाचल्याशिवाय कशावर सही केली नव्हती. पण नर्सबाई जीभ सोडायला तयार नव्हत्या आणि सही केल्यावर सोडतील असा एकूण रागरंग होता. वकिलांचा सल्ला आठवला. तरी केली.

सुटून बाहेर आलो तेव्हा कर्ण्यातून काहीतरी घोषणा चालली होती. लोक थांबून ऐकत होते. ही कांद्याची पिशवी घेऊन दाराशीच उभी होती.

"चला घरी," मी कपडे झटकत म्हणालो. "झालं गेलं. लेकीला काही सांगायचं नाही."

"तिकडे बघा आधी," ही म्हणाली.

मासेवाल्याच्या दुकानाला पिवळी पट्टी बांधली होती. बर्फावर ताडपत्री. तो एका उलट्या खोक्यावर बसला होता, एप्रनची घडी मांडीवर घेऊन. येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि तो आपल्या बुटांकडे.

"तुमच्यामुळे झालंय हे," ही म्हणाली. "कसं ते मला कळत नाही, पण त्या माणसाने तुम्ही बाहेर येताना तुमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, त्यावरून सांगते."

मला कळलं. फॉर्म, काडी, सही. सगळी साखळी डोळ्यांपुढे उभी राहिली. खरं सांगायचं तर तरीही माझा पाय दाराकडेच वळला होता. पुलाच्या बाजूला बस उभी दिसत होती. पन्नास पावलं, की सुटलो. ओळखणारं कोण होतं मला तिथे?

मी नोकरीत किती दुकानांना सील ठोकलं, त्याची मोजदाद नाही. त्यातली बहुतेक ठोकण्याच्याच लायकीची होती. पण सील ठोकल्यावर दुकानदार कुठे बसतो, ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या वेळी मी पंचनामा लिहीत असायचो, मान खाली घालून. आज हातात पंचनामा नव्हता, त्यामुळे बघावं लागलं.

"थांब इथेच," मी म्हणालो आणि ऑफिसात परत गेलो.

तक्रार करायला मला चार मिनिटं लागली होती. मागे घ्यायला निघालो तेव्हा कळलं, की हे काम पोरखेळ नाही. फोनमधल्या बाईवरचा माझा विश्वास उडाला होता, आणि व्यवस्थापकाला माझं इंग्रजी समजेना. मी ऑफिसातल्या इंग्रजीत बोललो, 'विथ रेफरन्स टू माय थ्रोट' वगैरे. त्याने एक दुसरा फॉर्म काढला. खुणांवरून उलगडा झाला तो असा, की तक्रार फक्त रुग्णाला मागे घेता येते, रुग्ण बरा झाल्याचा दाखला नर्सबाई देतात, आणि नर्सबाई जेवायला गेल्या आहेत. मी म्हणालो, रुग्ण आजारी नव्हताच. तो म्हणाला, त्यासाठी वेगळा फॉर्म. परक्या मुलुखात इतकं आपलं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं. दुसरा प्रसंग असता तर मी त्याला मिठी मारली असती.

लेकीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. पुन्हा. सातव्या वेळी तिने उचलला.

"बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. माझ्या घशात काटा अडकलाय असं सरकारी कागदावर लिहिलं गेलंय. तो अडकलेला नाही. पण नर्सबाई जेवायला गेल्यात."

मग ती म्हणाली, "कुठेही सही करू नका. येतेय."

मी त्या विषयावर मौन पाळलं.

ती चाळीस मिनिटांनी आली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. व्यवस्थापकाचं ऐकलं, माझं ऐकलं, माझा फोन घेतला आणि पडद्यावर मागे जाऊन सगळी वाक्यं वाचली. वाचता वाचता तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, रडतेय. खांदे हलत होते.

"बाबा, आपल्याकडे काट्याला काटाच म्हणतात आणि काट्यालाही काटाच म्हणतात, हे त्या फोनला काय माहीत?"

तिने व्यवस्थापकाला समजावून सांगितलं. तो हसला नाही. असा माणूस हसत नाही. त्याने चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला. लेकीने तो मला सांगितला, "ते विचारताहेत, मग कांद्याचा काटा खरंच चुकतोय का?"

माझी छाती दोन इंच फुगली. "किराण्याच्या दुकानातून साखरेची एक किलोची सीलबंद पाकिटं मागवा," मी म्हणालो. "पाच. वेगवेगळ्या खोक्यांतली."

तो तपासणीचा सोहळा बघायला निम्मा बाजार जमला. बटाटेवालाही आला, पण या वेळी मी त्याच्याकडे पाठ केली नाही. कांदेवाल्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की हिने मला चिमटा काढून पुटपुटल्यासारखं म्हटलं, "बाई किती चांगल्या आहेत, आणि तुम्ही!" मी पहिलं पाकीट काट्यात ठेवलं. सुई नऊशे साठवर थांबली. दुसरं. नऊशे साठ. पाचही पाकिटांना तेच.

मी पुन्हा पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं.

काटा चुकत होता. माझ्या हाताने ओळखलं तेवढाच चुकत होता, दोन किलोमागे बरोबर ऐंशी ग्रॅम. फक्त तो उलटा चुकत होता. बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला जास्त माल देत होत्या. तेहेतीस वर्षांत असा काटा माझ्या पाहण्यात नव्हता, त्यामुळे अशी शक्यताच डोक्यात आली नाही.

लेकीने हे त्यांना सांगितलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्या बोटांवर काहीतरी मोजू लागल्या, महिने की वर्षं, देव जाणे. मग एकदम थांबल्या, हिच्या पिशवीत हात घातला, एक कांदा बाहेर काढला आणि डोंगरावर परत ठेवला. ही म्हणाली, "बरोबर आहे," आणि आणखी एक छोटासा काढून दिला. तो बाईंनी परत पिशवीत टाकला. यानंतर दोघी एकमेकींचे हात धरून हसायला लागल्या आणि थांबेनात.

राहिला मासेवाला. नर्सबाई आल्या, दाखला झाला, फॉर्म भरले, पट्टी सुटली. पण गिऱ्हाईक काही फिरकेना. कर्ण्यावरून नाव जाहीर झालेल्या दुकानात कोण जाईल? व्यवस्थापक म्हणाला, बंदची घोषणा कर्ण्यावर झाली, तशी खुलाशाचीही व्हायला हवी. आणि ती तक्रारदाराने स्वतः केलेली बरी.

त्याने माझ्या हातात माइक दिला. लेक भाषांतराला शेजारी उभी राहिली.

मी घसा साफ केला, आणि त्या आवाजाने सबंध बाजार दचकला. मग मी बोललो. सुमारे सहा मिनिटं. मासेवाल्याच्या तराजूच्या स्वच्छतेची मी मनापासून वाखाणणी केली. प्रमाणित वजनांचं समाजातलं स्थान विशद केलं. माझ्या सेवाकाळातले दोन प्रसंग सांगितले. दोष सर्वस्वी माझा, असं ठासून सांगितलं. एका निरपराध माणसाला माझ्यामुळे खोक्यावर बसावं लागलं याबद्दल मी जाहीर माफी मागितली. मराठीत मी एवढं चांगलं क्वचितच बोललो असेन.

लेकीने माइक घेतला आणि चार वाक्यांत संपवलं.

मग शेडभर हशा. असा हशा, की बटाटेवाल्याला खांबाला धरावं लागलं. तो व्यवस्थापक, जो हसत नाही असं मी म्हणालो, तोसुद्धा फॉर्मआड तोंड लपवत होता. मग टाळ्या. मासेवाला गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने मला अशी मिठी मारली, की तो शर्ट पुढे तीन वेळा धुवावा लागला. त्याच्यामागून लोक त्याच्या दुकानाकडे निघाले, माझ्याकडे बोट दाखवत, एकमेकांना ढोसत. दुपार टळायच्या आत त्याचा बर्फ रिकामा झाला.

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीशी, मी मधे आणि ही कांदे मांडीवर घेऊन. दोन थांबे गेले. तिसऱ्याला राहवलं नाही.

"मी सहा मिनिटं बोललो. तू एवढ्यात काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझे बाबा मासे खात नाहीत. त्यांच्या घशात काही अडकलं नव्हतं. मासे उत्तम आहेत."

"ही तीन झाली. यात हसण्यासारखं काय आहे?"

ती आईकडे बघायला लागली. आई बाहेर.

"बोल."

"म्हटलं... माझे बाबा दीड वर्षापूर्वी निवृत्त झालेत. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, त्यांनाच अजून कुणी कळवलेलं नाही."

मी पुढच्या सीटच्या दांडीकडे पाहत राहिलो. पूल आला, गेला. थोड्या वेळाने हिने मांडीवरची पिशवी सावरली आणि माझ्या पाठीवर, जिथे दणके बसले होते नेमकं तिथे, हळूच हात ठेवला.

"आता कळवलंय ना," ही म्हणाली. "की लेखी हवंय?"